बॅटिंग मिळवून देणारे सर

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितले की, यंदा मुलांसाठी बोला आणि खेळावर बोला. मी गिरणी कामगार माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही वाचन झालं ते दादरच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर पडलेल्या वर्तमानपत्रांत. त्यामुळे खेळाचा तज्ज्ञ म्हणून मी इथे उभा नाही. क्रिकेट मी खेळलो ते चाळीच्या पॅसेजमध्ये, रबरी चेंडूने. पण शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून पुष्कळ पाहिलं. आणि तिथे जो माणूस पाहिला त्याच्याविषयी आज बोलावं असं ठरवलं. रमाकांत आचरेकर सर.

आता काही कार्यकर्ते मला मघाशीच म्हणाले, "दादा, वर्धापनदिनाला आचरेकर कशाला? चळवळीतला माणूस घ्या." त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. आचरेकरांना चळवळीतला माणूस म्हणून कुणी ओळखत नाही, हे खरं. पण आपल्या वस्तीतल्या पोरांना आज ज्या गोष्टीची गरज आहे ती गोष्ट या माणसाने पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. ती कोणती, ते सांगतो. थोडा दम धरा.

शिवाजी पार्क आपल्याला परकं नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा खेड्यापाड्यातला आपला माणूस याच मैदानात पथारी टाकतो. पुस्तकांचे स्टॉल तिथेच लागतात. आपल्यापैकी कित्येकांनी तिथे स्वयंसेवक म्हणून पाणी वाटलं आहे. पण वर्षाच्या बाकीच्या दिवसांत तिथे सकाळी सात-साडेसातला काय चालतं, हे आपल्यातल्या किती जणांनी पाहिलं? जाळी लागलेल्या असतात, पांढऱ्या कपड्यांतली पोरं असतात, आणि प्रत्येक जाळीमागे एक माणूस हात मागे बांधून उभा असतो. त्या उभ्या राहणाऱ्या माणसांत सगळ्यांत मोठं नाव आचरेकर सरांचं.

सरांचा जन्म १९३२ चा, मालवणचा. लहानपणीच मुंबईत आले. क्रिकेट खेळायला लागले आणि न्यू हिंद, यंग महाराष्ट्र अशा संघांतून खेळले. आणि, हे ऐका, गुलमोहर मिलच्या संघातूनही खेळले. गिरणीचा संघ! आजच्या पोरांना हे सांगून पटत नाही. गिरणीला नुसता भोंगा आणि चिमणी नव्हती, गिरणीला संघ होते. क्रिकेटचा, कबड्डीचा. चांगला खेळणारा पोरगा दिसला की त्याला खात्यात चिकटवून घ्यायचे. पाळी भरायची, संध्याकाळी खेळायचं आणि पगार घरी न्यायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक गेल्या. आपण नोकऱ्या गेल्याचं बोलतो, घरं गेल्याचं बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण खेळणाऱ्या गरीब पोराच्या डोक्यावरचं छप्परही तेव्हाच गेलं, याची नोंद कुणी घेतली नाही. असो. तो विषय निघाला की मी थांबत नाही, हे घरचे सांगतात.

पुढे सर स्टेट बँकेत लागले. बँकेकडून खेळले. प्रथम दर्जाचा म्हणावा असा त्यांचा एकच सामना, १९६३ मध्ये हैदराबादला, मोईनउद्दौला स्पर्धेत. एकच. म्हणजे खेळाडू म्हणून हा माणूस कुठे पोचला? हिशेबाने पाहिलं तर कुठेच नाही. आणि त्याच माणसाच्या हाताखालून भारताकडून खेळलेली पोरं मोजायला दोन्ही हातांची बोटं लागतात. बलविंदरसिंग संधू, ज्याने १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ग्रीनिजची दांडी उडवली. लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, पारस म्हांब्रे, समीर दिघे, रमेश पोवार. कुणी राहिलं असेल तर राग मानू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गरीब घरातला पोरगा खेळात मागे का राहतो? आपण म्हणतो, पैसे नाहीत. बॅट महाग, बूट महाग. ते आहेच. पण मी कठड्यावरून जे पाहिलं त्यावरून माझं मत वेगळं झालं. गरीब पोराला बॅट कुठून तरी मिळते. त्याला बॅटिंग मिळत नाही. समजलं का? ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, हा गल्लीतला कायदा. ज्याच्या बापाची ओळख, त्याची संघात जागा. बाकीच्यांनी चेंडू टाकायचे, गटारातला चेंडू काढून आणायचा, आणि आपला नंबर यायच्या आत अंधार पडायचा. अंधार पडला की खेळ संपला.

हा कायदा फार जुना आहे. त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ. तिथे एक नाव आहे, बाळू पालवणकर. जन्म १८७६. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या पालवणचं, समाज चर्मकार. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचं काम करायचे, महिना तीन रुपये. मग इंग्रजांच्या क्लबात गेले, तिथे चार रुपये. रोलर फिरवायचा, जाळी लावायची, आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज होता. त्याला बाळू तासन्‌तास गोलंदाजी करायचे. असं सांगतात की बाळूने बाद केलं की तो आठ आणे द्यायचा. खरं-खोटं तो ग्रेग जाणे. पण एवढं खरं की या माणसाने चेंडू टाकून टाकून हात घडवला, आणि बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. बॅटिंग साहेबांची. गोलंदाजी म्हणजे अंगमेहनत, ती आपली.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला जिंकायचं होतं म्हणून बाळूला घेतलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळ्यांनी झेलला. चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळा बसवला, मातीच्या भांड्यात चहा दिला. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा याच बाळूने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत सत्कार झाला, त्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचं नाव जोडलं जातं. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो राजकारणाचा विषय, त्याच्यावर मी वेगळं भाषण देऊ शकतो. पण खेळाडू म्हणून बाळूचं मोठेपण आपण नाकारू नये. चार भाऊ होते, बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चौघेही खेळले. बाळूला कधी हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं नाही, ते १९२३ ला धाकट्या विठ्ठलला मिळालं. एका घरातल्या थोरल्याने पाय रोवून ठेवला म्हणून धाकट्याला पुढे सरकता आलं. घराचं महत्त्व ते हे.

आता परत शिवाजी पार्कवर या.

१९८४ चा उन्हाळा. अकरा वर्षांचा एक पोरगा मोठ्या भावाबरोबर सरांच्या शिबिरात आला. सगळ्यांसमोर खेळताना बुजला, धड खेळता येईना. सर म्हणाले, अजून लहान आहे, नंतर आणा. भावाने, अजितने, विनंती केली की सर, एकदा तुम्ही इथून गेल्यासारखं करा आणि लांबून बघा. सर लांब जाऊन उभे राहिले. पोरगा मोकळा झाला आणि खेळला. सरांनी घेतला. शिबिराची प्रवेश फी पासष्ट रुपये, पुढे महिन्याला दहा रुपये. सचिनने स्वतः लिहिलं आहे की पहिले काही महिने सोडले तर ते दहा रुपयेही द्यावे लागल्याचं त्याला आठवत नाही.

मला यातली दोन माणसं महत्त्वाची वाटतात. एक तो भाऊ. स्वतः क्रिकेट खेळणारा, पण धाकट्यात आपल्यापेक्षा जास्त आहे हे ओळखून बाजूला झाला. आपल्या घरात असा भाऊ आहे का? की "अभ्यास कर, नाहीतर रिक्षा चालवशील" एवढंच आपण बोलतो? आणि दुसरे सर. एकदा नाही म्हटलेला माणूस आपला शब्द मागे घेऊन पुन्हा बघायला तयार झाला. मास्तर लोक असे सहसा वागत नाहीत.

त्या पोराचा दिवस कसा होता ते पोरांनो ऐका. सकाळी साडेसात ते साडेदहा सराव. मग सामना. मग पुन्हा संध्याकाळी पाच ते सात सराव. त्या सुट्टीत साठ दिवसांत पंचावन्न सामने तो खेळला. कपड्यांचा जोड एकच. सकाळचा घालून झाला की धुवायचा, वाळत टाकायचा, तोच संध्याकाळी घालायचा. खिसे ओलेच राहायचे. प्राध्यापकाच्या घरातला पोरगा हा, उपाशी नव्हता. तरी एकाच जोडावर निघालं. म्हणजे कपड्यांवाचून अडलं नाही.

सरावाच्या शेवटी पंधरा मिनिटं सर मधल्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो सचिनला बाद करेल त्याचं नाणं. कुणीच बाद केलं नाही तर सचिनचं. मैदानातली साठ-सत्तर पोरं क्षेत्ररक्षणाला उभी, झेल कुठेही पकडला तरी बाद. ती नाणी पुढे सचिनने जपून ठेवली. वर मी ग्रेगसाहेबाचे आठ आणे सांगितले, ते आठवा. नाणं तिथेही होतं, इथेही होतं. तिथे चेंडू टाकणाऱ्या माणसाला बॅट कधीच मिळायची नव्हती. इथे सत्तर पोरांतल्या प्रत्येकाचा नंबर सरांच्या डोक्यात होता. आणि हे सगळं झालं की पॅड, ग्लोव्ह्ज अंगावर ठेवून मैदानाला दोन फेऱ्या. एक फेरी म्हणजे एक किलोमीटरच्या वर. उद्या सकाळी जाऊन कुणीतरी मारून बघा.

सरांची खरी करामत मला विचाराल तर ती जाळीत नव्हती, ती स्कूटरवर होती. या मैदानात पोरगा लवकर बाद झाला, की सर त्याला स्कूटरवर मागे बसवायचे आणि दुसऱ्या मैदानात न्यायचे. तिथल्या संघाशी आधीच बोलून ठेवलेलं असायचं की याला चौथ्या नंबरला पाठवा. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कुठेही. म्हणजे पोराच्या वतीने शब्द टाकायचा, ओळख वापरायची, पेट्रोल आपलं जाळायचं. ज्या पोराचा बाप कंपनीत साहेब असतो त्याच्यासाठी हे बाप करतो. ज्याचा बाप पाळीवर असतो त्याच्यासाठी कोण करणार? ते काम सरांनी केलं. एवढ्याचसाठी मी आज त्यांचं नाव घेतलं.

एकदा असंच त्यांनी सचिनसाठी सामना ठरवून ठेवला होता. हा पठ्ठ्या तिथे गेलाच नाही. शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना वानखेडेवर होता, तिथे टाळ्या वाजवायला गेला. सर तिथेच भेटले. विचारलं, आज कसा खेळलास? हा म्हणाला, सर, आज टाळ्या वाजवायला आलो. सरांनी अशी थोबाडीत दिली की हातातला डबा उडाला, आतलं सगळं सांडलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवल्या पाहिजेत, असा त्यांचा बोलण्याचा अर्थ. पोरांवर हात टाकण्याचं समर्थन मी करत नाही. आमच्या पिढीने फार मार खाल्ला, त्यातून शहाणं कुणी झालं नाही. पण सरांचा राग कशाचा होता ते लक्षात घ्या. मिळालेली बॅटिंग पोराने फुकट घालवली, याचा.

आणि कौतुक? ते नावाला नाही. चांगला खेळलास, हे शब्द सरांनी कधी उच्चारले नाहीत. पोरगं शेफारेल ही भीती. फारच खूश झाले तर भेळ नाहीतर पाणीपुरी खायला न्यायचे. तेवढ्यावर पोरांनी ओळखायचं. सामना झाडाआडून बघायचे, चुका टिपून ठेवायचे आणि नंतर एकेक काढून सांगायचे.

१९८८ चा फेब्रुवारी. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. सर स्वतः मैदानावर नव्हते. डाव घोषित करा म्हणून बाहेरून निरोप येत होते, ही दोघं तिकडे बघतच नव्हती, मध्ये उभी राहून गाणी म्हणत होती. शेवटी जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लागला. विनोद म्हणाला, सर, एक धाव करू द्या, साडेतीनशे होतात. सरांनी नाही सांगितलं. डाव सोडा. सोडला. मग त्याच विनोदने ३७ धावांत सहा बळी घेऊन समोरचा संघ गुंडाळला. एक धाव दिली असती तर काय बिघडलं असतं, असं मला अजून वाटतं. पण सरांचा हिशेब सरांपाशी.

विनोदविषयी थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण या दोघांची गोष्ट सांगताना लोक नेहमी एकाला वर चढवतात आणि दुसऱ्याला बोधकथेसारखं वापरतात. मला ते आवडत नाही. विनोद कांजूरमार्गच्या वस्तीतला, बाप मेकॅनिक. लोकलच्या गर्दीत किट घेऊन शिवाजी पार्कला यायचा. ज्यांनी सकाळची लोकल पकडली आहे त्यांना किट घेऊन चढणं म्हणजे काय ते सांगायला नको. १९९३ मध्ये या मुलाने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं ठोकली. सतरा कसोट्या, हजारावर धावा, सरासरी चोपन्नच्या वर. १९९५ नंतर कसोटी मिळाली नाही. पुढे काय झालं, का झालं, यावर पानंच्या पानं छापून आली. मी एवढंच म्हणतो की प्रशिक्षक पोराला मैदानाच्या फाटकापर्यंत आणतो. फाटकाबाहेर पैसा आहे, प्रसिद्धी आहे, दारू आहे, एकटेपणा आहे. तिथे सरांची स्कूटर जात नाही. तिथे घर लागतं, मित्र लागतात, वस्ती लागते. ३ डिसेंबर २०२४ ला, सरांच्या जयंतीला, शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या फाटकाशी त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तिथे हे दोघं भेटले. विनोदची तब्येत बरी नव्हती. तरी माईक हातात आला तेव्हा त्याने सरांच्या आवडीचं गाणं म्हटलं. मी ते टीव्हीवर पाहिलं. आमच्या घरात सगळे गप्प झाले होते.

बाकीच्या पोरांचं काय झालं, तेही ऐकण्यासारखं आहे. प्रवीण आमरेने १९९२ मध्ये दरबानला पहिल्याच कसोटीत शतक काढलं. सचिनला पहिले चांगले बूट त्यानेच घेऊन दिले होते. खेळणं संपल्यावर तो स्वतः जाळीमागे उभा राहिला. अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर त्याच्याकडे घडले. चंद्रकांत पंडितने विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. नागपूरकडचे आपले पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून सांगतो की तुमच्या करंडकाचं मूळ आमच्या शिवाजी पार्कात आहे, आणि ते चिडतात. २०२१-२२ ला त्याच पंडितने मध्य प्रदेशलाही तो जिंकून दिला. रमेश पोवार महिलांच्या भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला. सरांनी धावा करणारी पोरं घडवली हे सगळे सांगतात. उभी राहणारी माणसं घडवली, हे कुणी फारसं सांगत नाही.

आता घराचा विषय. आपल्या भगिनी इथे मोठ्या संख्येने आहेत म्हणून मुद्दाम बोलतो. सकाळी साडेसातला जाळीवर उभा राहणारा माणूस घरातून कधी निघत असेल? दिवसा बँक. संध्याकाळी सातपर्यंत पुन्हा मैदान. रविवार तर सामन्यांचाच. सुट्टी म्हणजे शिबिर. मग घरी उरला किती? घरात मुलं-बाळं, संसार होता. दुसऱ्याच्या पोरांसाठी वर्षानुवर्षं बाहेर राहणारा माणूस घरच्यांनी सहन केला, त्याच्यासाठी डबा केला, उशिरा आला तर जेवण गरम केलं, तेव्हा हे झालं. १९९० ला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० ला पद्मश्री मिळाली. कागदावर नाव एकट्याचं येतं. शेवटची काही वर्षं सर आजारी होते, अंगाने अधू झाले होते, तेव्हा ज्या घराला त्यांनी कमी वेळ दिला त्याच घराने त्यांना सांभाळलं.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिनचा शेवटचा सामना वानखेडेवर झाला. सर एरवी घरी टीव्हीसमोर बसून बघायचे, त्या दिवशी मैदानात आले. सचिन भाषणात म्हणाला की सर मला कधी चांगला खेळलास असं म्हणाले नाहीत, आता म्हणायला हरकत नाही, कारण आता माझा सामनाच उरला नाही. लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसत होते. सरांना राहत्या घरी २ जानेवारी २०१९ ला मरण आलं. अंत्ययात्रेला सचिनने खांदा दिला. शासकीय इतमाम नव्हता, त्यावरून बरीच टीका झाली. मला त्याचं विशेष वाटलं नाही. बॅटी उंच धरून पोरं दोन्ही बाजूंना उभी होती. बंदुकीच्या सलामीपेक्षा ते बरं.

आता शेवटचं, आणि हे कामाचं आहे. आपल्या विहारामागे जी मोकळी जागा आहे, तिथे आज सकाळी मी मोजलं, अकरा मोटारसायकली आणि दोन गाड्या होत्या. त्या आपल्याच आहेत, परक्या कुणाच्या नाहीत. तिथे पोरं खेळायला आली की "काच फुटेल" म्हणून आपणच ओरडतो. मग ती पोरं कोपऱ्यावर मोबाईल घेऊन बसतात, आणि मग आपण सभेत येऊन पिढी बिघडली म्हणून भाषण करतो. पोरींना तर त्या जागेत पाऊलही टाकता येत नाही. कबड्डी आपल्या गिरणगावाचा खेळ. पण आपल्या किती पोरींना त्यात कधी डाव मिळाला? घरी पाणी भरायचं, धाकट्याला सांभाळायचं, म्हणजे त्यांचा नंबर यायच्या आत अंधार पडतो, रोजच.

मला प्रशिक्षण देता येत नाही. पण उभं राहता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमची गिरणी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही, तेव्हापासून माझ्याकडे सकाळ मोकळी आहे. समितीशी माझं बोलणं झालं आहे. येत्या रविवारपासून सकाळी सात ते नऊ त्या जागेत एकही गाडी राहणार नाही. जुनी जाळी मिळाली आहे, ती शिवायला हवी. ज्यांना सुई-दोऱ्याचं काम येतं त्यांनी शनिवारी संध्याकाळी यावं. शाळेतून निवृत्त झालेले आपले एक क्रीडाशिक्षक कबड्डी शिकवायला तयार आहेत, फक्त ते म्हणतात पोरींची वेळ आधी ठेवा, म्हणजे सातची. ती तशी ठेवली आहे. बॅट कुणाचीही असो, बॅटिंग चिठ्ठी टाकून. हा नियम मोडला तर मी खेळ बंद करीन, मग माझा नातू असला तरी.

नावं नोंदवायला वही बाहेर चपलांच्या स्टँडजवळच्या टेबलावर ठेवली आहे. मुलाचं किंवा मुलीचं नाव, वय, आणि घरातलं कोण सोबत येणार त्याचं नाव, असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. भोजनदानाला जाण्याआधी नावं घाला, नंतर कुणी थांबत नाही, हा आपला अनुभव आहे.